डाव्या कोपऱ्याच्या शेजारची

भावाचा फोन आला तेव्हा मी पोलादपूरला आमच्या गिरणीत नाचणी दळत होते. गिरणीच्या घरघरीत त्याचं निम्मं बोलणं वाया गेलं. एवढं कळलं, की यंदा गावच्या पूजेला मुंबईच्या पोरांनी नवीन टूम काढलीय. बायकांची कबड्डी. गावच्या लेकी विरुद्ध गावच्या सुना. लेकींनी सासरहून यायचं, सुनांनी स्वयंपाक दुपारीच उरकायचा आणि ऊन कललं की सगळ्यांनी मळ्यात.

"तू तर पायजेसच," भाऊ म्हणाला. "लेकींकडं दुसरं हाय कोन? सगळ्या नुसत्या सेल्फीवाल्या."

मी गिरणी बंद केली. समोर डबा घेऊन उभी असलेली बाई माझ्याकडे बघत राहिली.

"ती कुठल्या बाजूने?" मी विचारलं.

कोण ती, हे भावाने विचारलं नाही. "तेच तर भांडान चाललंय देवळात," तो म्हणाला.

तिचा घोळ असा, की ती आमच्याच गावची लेक आणि आमच्याच गावची सून. खालच्या वाडीत जन्मली आणि ओहोळ ओलांडून वरच्या वाडीत दिली. आमच्याकडे अशा सोयरिकी फारशा होत नाहीत, पण झाल्या तर वरात अर्ध्या तासात पोचते, एवढाच त्याचा फायदा. आता देवळात म्हातारे बसले होते आणि ही बाई लेक धरायची की सून, यावर तंबाखू मळत होते.

मला काय हवं होतं ते आधीच सांगून टाकते, उगाच आडपडदा नको. मला ती माझ्या उजव्या हाताला हवी होती. एकदा. जिंकणं-हरणं गेलं चुलीत. तिचा डावा हात माझ्या उजव्या हातात हवा होता, समोरून कोणीतरी कबड्डी कबड्डी करत यायला हवं होतं, बस. या वयात, या गुडघ्याने, पुन्हा अशी संधी कोण देणार होतं मला?

कबड्डी आता सगळे टीव्हीवर बघतात आणि सगळ्यांना वाटतं, खेळ म्हणजे चढाई करणारा. तो मांडी थोपटतो, उड्या मारतो, त्याचे फोटो चौकात लागतात. कोपऱ्यात उभं राहणाऱ्याचा फोटो कोण काढतो? आमच्या वेळीही तेच. उत्कृष्ट चढाईला भिंतीवरचं घड्याळ मिळायचं, नाहीतर मिक्सर. उत्कृष्ट पकडीला स्टीलचा डबा. माझ्या आईच्या फडताळात हळदीपासून पोह्यांपर्यंत सगळं माझ्या पकडींतच भरलेलं आहे. मला त्याचं काही वाटलं नाही असं म्हटलं तर खोटं होईल. घड्याळ हवं होतं मला.

मी डावा कोपरा. लहानपणापासून अंगाने थोराड. सातवीतच आईचे ब्लाऊज मला घट्ट व्हायला लागले. वाडीतल्या काकू ओसरीवर यायच्या आणि माझ्यादेखत आईला म्हणायच्या, "हिला काय घालतेस गो? हिला पत्करनारा नवरा कुठून आननार?" आई हसायची आणि रात्री मला एक भाकरी कमी वाढायची. मग मी महाडच्या शाळेत गेले. तिथल्या खेळाच्या सरांनी मला पहिल्याच दिवशी वरपासून खालपर्यंत बघितलं आणि एकदम खूश होऊन म्हणाले, "अरे वा!" माझ्या अंगाकडे बघून अरे वा म्हणणारा तो पहिला माणूस. त्यांनी सांगितलं असतं तर मी सावित्रीच्या पुरातही उडी टाकली असती.

ती माझ्याच वर्गात होती, माझ्याच गावातून माझ्याच एसटीने यायची, आणि आमचं अजिबात पटायचं नाही. कारण ती रोज खिडकी पकडायची. बुटकी, जात्याच्या पाळीसारखी घट्ट, आणि तोंडाने फटकळ. सरांनी तिला माझ्या शेजारी उभं केलं तेव्हा दोघींनीही तोंडं वाकडी केली.

ज्यांनी खेळ जवळून बघितला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. बचावाला सातजणी हात धरून उभ्या राहतात, ती साखळी. साखळीच्या टोकाला कोपरा. समोरची पोरगी कबड्डी कबड्डी असा दम घेत आली, की तिचा पाय माझ्या टप्प्यात येईपर्यंत मी थांबायचं आणि आला की घोटा धरायचा. घोटा धरला की ती जीव खाऊन मधल्या रेषेकडे झेपावणार. तिच्या बोटाचं टोक जरी रेषेला लागलं तरी तिला गुण आणि धरणारे बाद. म्हणून मी घोटा धरला त्याच क्षणी माझ्या शेजारणीने तिच्या कमरेवर स्वतःला झोकून द्यायचं. धरणारी मी, पाडणारी ती. एक क्षण उशीर झाला तर माझं धरणं फुकट.

ते जमावं म्हणून सरांनी आमची मनगटं पंचाने बांधली. माझं उजवं, तिचं डावं. सराव सुरू व्हायच्या आधी बांधायचे, संपल्यावर सोडायचे. पाणी प्यायला दोघी, चप्पल शोधायला दोघी, नाक पुसायलाही दोघी. सुरुवातीला आम्ही एकमेकींना इतक्या शिव्या दिल्या, की सरांनी कानांवर हात ठेवले. मी झेप घेतली की ती फरफटत यायची आणि ओरडायची, "म्हशे, सांग तरी!"

"सांगून कोन पाय धरतं गो?"

"मग मला कसं कळनार?"

पण कळायला लागलं. कधीपासून ते नाही सांगता येणार. झेप घ्यायच्या आधी मी श्वास आत रोखायचे, तो तिला मनगटातून समजायचा. मग पंचा सुटला तरी समजायचा. सर बाहेरून एकच ओरडायचे, "धर! ओढू नको, ओढलंस की हात सुटतो. धर आणि थांब, ती येतेय." आणि ती यायची. खरंच यायची.

भाताची कापणी झाली की आमच्या मळ्यात मैदान व्हायचं. धसकटं उपटायची, पाणी मारायचं, चोपून चोपून जमीन सपाट करायची. त्या मातीत पडून पडून आमची कोपरं सोलवटून निघायची. घरी गेल्यावर तिची आई खोबरेल लावायची आणि माझी आई बोलणी. टेम्पोत पोत्यांवर बसून आम्ही माणगावला गेलो, रोह्याला गेलो, अलिबागला गेलो. सामन्याआधी वजन करायचे, तेव्हा मी काट्यावर चढले की ती डोळे मिटून देवाचं नाव घ्यायची. वजन जास्त भरलं तर मला बाहेर बसावं लागणार आणि तिला दुसऱ्या कुणाचा तरी हात धरावा लागणार. एकदा भरलंच जास्त. तिने मला ओढणी डोक्याला गुंडाळून भर उन्हात तळ्याच्या कडेने पळवलं, स्वतः माझ्याबरोबर पळाली, तिला काही गरज नसताना. परत काट्यावर चढले, वजन बसलं, आणि उतरले तेव्हा ती तिथेच मातीत आडवी झाली होती, हसून हसून.

घोटा हातात आल्यानंतरचा तो क्षण मला कुणाला नीट सांगता आलेला नाही. नवऱ्यालाही सांगून बघितलं. हातात एक जिवंत, घामेजलेला, धडपडणारा पाय असतो. वाटतं, गेला, सुटला. तेवढ्यात उजवीकडून आधी तिचा खांदा दंडाला घासतो आणि मग ते सगळं वजन धप्पकन येतं. आपण एकट्या धरून बसलेल्या नाही, हे अंगाला कळतं. माझ्यावर माणसांनी माया केली नाही असं नाही. नवरा चांगला आहे, पोरं जीव लावतात. पण तसं वजन पुन्हा कुणाचं आलं नाही.

जिल्ह्याच्या शिबिरासाठी आम्हा दोघींची निवड झाली, आणि त्याच सुमाराला तिचं लग्न ठरलं. मुलगा चांगला होता, महाडला कारखान्यात लागलेला, घर ओहोळापलीकडे. बैठकीत तिच्या वडिलांनी विचारलंसुद्धा, "पोरीचं खेळन्याचं काय?" आणि होणारी सासू म्हणाली, "खेळू दे की. आमची काय ना नाय." कोणी ना म्हणालं नाही, हे मी आजही कबूल करते. नंतरही कोणी म्हणालं नाही. पण मी बोलवायला गेले की कधी भाताची लावणी चालू असायची, कधी नणंद बाळंतपणाला आलेली असायची, कधी गाभण म्हशीचे दिवस भरलेले असायचे. सासू मला चहा द्यायची, वर खारी द्यायची आणि म्हणायची, "पुढच्या येळंला येईल हां." ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून माझ्याकडे बघायची. चहा पिऊन मी परत यायचे.

शेवटी मी विचारायला जाणं बंद केलं. तिच्या अंगणातून आमचा मळा दिसतो. आम्ही सराव करायचो तेव्हा ती अंगणात उभी असायची, कडेवर पोर. एकदा मी मळ्यातून हात वर केला. तिनेही केला, डावा.

मी एकटी पुढे गेले. जिल्ह्याकडून खेळले, मग मुंबईच्या एका संघाने बोलावलं म्हणून कांजूरला मावशीकडे राहिले. तिथे माझ्या शेजारी उंच, चपळ, शहाणी पोरगी दिली होती. चांगली खेळायची. पण हाक मारल्यावर यायची. मी घोटा धरायचे आणि थांबायचे, आणि प्रशिक्षक बाहेरून बोंबलायचे, "अगं, थांबतेस कुणासाठी? ओढ! मागे ओढ!" मग मी ओढायला शिकले. घोटा छातीशी घ्यायचा, टाच जमिनीत रोवायची आणि एकटीने मागे खेचायचं. चांगली शिकले हो. लोक टाळ्या वाजवायचे. राज्याच्या शिबिरापर्यंत पोचले आणि तिथून परत आले, कारण माझ्याहून सरस कोपरे होते. त्याचं दुःख मी रीतसर केलं, मावशीच्या बाथरूममध्ये नळ सोडून.

मग गुडघा गेला. मातीत पाय घसरतो म्हणून वाचतो. मॅटवर तो रुतून बसतो आणि वरचं अंग तेवढं फिरतं. आवाज मला ऐकू आला. ऑपरेशन झालं, विश्रांती झाली, परत उभी राहिले, परत गेला. डॉक्टर म्हणाले, चालायला झकास राहील, खेळायचं विसरा. गावी आले. बघायला आलेल्या पोलादपूरच्या गिरणीवाल्याने मला बघितलं आणि म्हणाला, "पोती उचलायला बरी पडेल." मी त्याच्याकडे असं बघितलं, की त्याने हातातला पोह्यांचा घास परत बशीत टाकला. त्याच्याशीच लग्न झालं. अजूनही पोती मीच उचलते.

तिच्याशी बोलणं तुटलं असं कधीच नव्हतं. फोन होतात, पोरांचे निकाल कळवतो, गणपतीला भेटतो. भेटलो की ती मला आणि मी तिला वाढतो, आणि आजूबाजूला सतरा बायका असतात. पण मला तिच्याशी बोलायचं नव्हतंच. बोलून बोलून काय बोलणार? मला तिच्या शेजारी उभं राहायचं होतं. ते कुणाला कसं सांगणार? वेड लागलंय म्हणतील.

तर देवळातलं भांडण. भाऊ रोज फोनवर बातम्या द्यायचा. एक आजोबा म्हणाले, नाळ खालच्या वाडीत पुरलीय म्हणजे लेक. दुसरे म्हणाले, कुंकू वरच्या वाडीचं म्हणजे सून. मग कुणीतरी तोडगा काढला, की डाव दोन असतात. पहिला डाव लेकींकडून, दुसरा सुनांकडून. हे ऐकलं आणि मी फोनवर अशी किंचाळले, की नवरा घाबरून आतून बाहेर आला. अर्धा सामना! अर्धा तर अर्धा! मी लगेच कपाटातून गुडघ्याचा पट्टा शोधून काढला, धुतला आणि वाळत घातला.

दुसऱ्या दिवशी भावाचा आवाजच पडलेला. "तिची सासू आली होती देवळात," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर बोलली. माझ्या चुलीवर एवढी वर्षं भाकऱ्या थापल्यान, आनि खेळायला तुमची काय? सून ती सूनच. मग कोन बोलनार?"

मला असा संताप आला. एवढी वर्षं या बाईला म्हैस होती, नणंद होती, लावणी होती. आता पूजेत, माईकवर नाव पुकारणार म्हटल्यावर सून आठवली होय? मी ताबडतोब तिला फोन लावला.

"तू ना म्हन," मी सांगितलं. "लेकींकडूनच खेळनार म्हन, नायतर नाय खेळनार म्हन. बघू काय करतायत."

तिकडे मागे कुकरची शिट्टी झाली.

"गो, तिने मला टी-शर्ट आनून दिला," ती म्हणाली. "स्वतः जाऊन पोरांकडून घेऊन आली. म्हनाली, खेळ, मी बघायला येते. एवढ्या वर्षांत पयल्यांदा म्हनाली, खेळ. मी तिला नाय कसं म्हनू?"

मी म्हटलं, "बरं." दुसरं काय म्हणणार? फोन ठेवला आणि रडले. राग होता त्यात निम्मा, पण निम्माच. तिला खेळ म्हणणारं कुणीतरी मिळालं होतं, आणि ते नेमकं माझ्या विरुद्ध बाजूला होतं.

जाऊच नये असं वाटलं. नवऱ्याने ओळखलं. म्हणाला, "जा. गुडघा बांध आणि जा. परत आनायला टेम्पो घेऊन येतो, झोपवून आनू." हा त्याचा धीर देण्याचा प्रकार.

पूजेच्या दिवशी मळा नुसता फुलला होता. पोरांनी पांढऱ्या फक्कीने मैदान आखलं होतं, माईकवर एकजण घसा फोडत होता, कोकम सरबताच्या पिंपाभोवती ही झुंबड. लेकींना लाल टी-शर्ट, पाठीवर माहेरवाशीण लिहिलेलं. सुनांना पिवळे. माझ्या मापाचा लाल नव्हताच, तेव्हा भावाच्या जुन्या लाल शर्टाच्या बाह्या कापून मी तो घातला. माझ्या उजव्या हाताला माझी चुलत बहीण आली, नालासोपाऱ्याची, जन्मात कधी न खेळलेली. हातभर मेंदी, लांब नखं, आणि समोरून कुणी आलं की माझा हात सोडून दोन्ही हात तोंडावर.

"अगो, धर ना!"

"तायडे, मला भीती वाटते."

"मग आलीस कशाला?"

"फोटोला."

आणि समोर पिवळ्या साखळीत ती. केस थोडे पांढरे, साडीऐवजी लेकाची ट्रॅक पँट, ओढणी कमरेला घट्ट. तिच्या शेजारी कोपऱ्यात वरच्या वाडीची एक तरुण सून उभी होती, आणि तिच्या डाव्या हातात त्या सुनेचा हात होता. जळले मी. सांगते ना, जळले.

पहिल्याच डावात आमची एकजण चढाईला गेली. पिवळ्या कोपऱ्याने तिचा पाय धरला, तोही अर्धवट, एका हाताने. सुटणार असं मला वाटलं, आणि मग ती आली. कशी आली! तसाच खांदा आधी, तसंच मागून सगळं वजन. धप्प. आमची पोरगी जागच्या जागी मातीत. मी दोन्ही हात वर करून ओरडले, "पकड!" सगळा मळा माझ्याकडे बघायला लागला. भाऊ बाहेरून किंचाळला, "अगं, आपली गेली ती! हात काय वर करतेस?" ती मातीतून उठली, पदर नसूनही पदर सारखा केला, आणि माझ्याकडे बघून हसली. तिकडे खुर्चीत तिची सासू तिची दृष्ट काढत कानशिलांवर बोटं मोडत होती.

मध्यंतरात तिच्याकडे जावंसं वाटलं, पण दोन्ही बाजूंच्या बायका आपापल्या खेळाडूंना सरबत पाजायला धावल्या आणि राहून गेलं. दुसऱ्या डावात मी चार पकडी केल्या असतील नसतील, सगळ्या एकटीने, ओढून. गुडघा कुरकुरत होता. लोक म्हणत होते, अजून दम हाय हिच्यात. मला त्याचं बरंही वाटत होतं, ते काही लपवत नाही.

शेवटाला आलं तेव्हा गुण सारखे होते. सुनांच्या बाजूला फक्त ती उरली होती. एकटी उरली म्हणजे चढाईला यावंच लागणार. ती आयुष्यात कधी चढाईला गेलेली नव्हती. पाडणारी माणसं ती, चढाई कुठून करणार? माईकवाला म्हणाला, ही शेवटची चढाई, मंडळी. सासू खुर्चीतून उठून उभी राहिली.

ती रेषेच्या पाया पडली आणि आली. दम अगदी हळू घेत होती, शेजारच्या खोलीत झोपलेलं पोर उठू नये तसा. दुसरीकडे वळलीच नाही. सरळ माझ्या कोपऱ्याकडे आली. तिला तो कोपरा सोडून मैदानात दुसरं काही ओळखीचं नव्हतं. चेहऱ्यावर घाम, हनुवटीला माती. इतक्या जवळून, समोरून, मी तिला खेळताना कधी बघितलंच नव्हतं. ती नेहमी बाजूला असायची.

तिचा उजवा पाय पुढे आला, टाच किंचित उचललेली. पकडायला याहून सोपा पाय मला कुणी दिला नसेल. मी श्वास रोखला. माझ्या अंगाने मला विचारलं नाही. बहिणीचा हात सुटला, मी झेपावले, आणि तिचा घोटा माझ्या दोन्ही हातांत आला.

आणि मी थांबले.

ओढायला हवं होतं. मुंबईत शिकलेलं सगळं हातात होतं, आत्ताच चार वेळा केलं होतं. टाच रोवायची, छातीशी घ्यायचं आणि मागे खेचायचं, दुसरीतली पोर पाळण्याची दोरी ओढते तेवढं सोपं. पण मी नुसता धरून राहिले, उजवा खांदा थोडा खाली घेऊन, जागा करून. वजन येईल म्हणून. येतेच आहे म्हणून. लोक ओरडत होते, भाऊ ओढ ओढ म्हणून नाचत होता, बहीण आणि बाकीच्या लेकी तोंडावर हात घेऊन उभ्या होत्या, आणि मी वाट बघत होते. माझ्या अंगाला एवढंच कळत होतं, की पाय हातात आला म्हणजे आता ती येणार.

ती पुढे पडली. पोटावर घसरत, मलाही मागून फरफटत नेत, हात लांब करून. बोटं रेषेपलीकडे गेली. शिट्टी झाली. सुना जिंकल्या.

पिवळ्या बायका किंचाळत धावत आल्या. मी तिचा घोटा सोडला नव्हता. ती तशीच पालथी पडल्या पडल्या मान वळवून माझ्याकडे बघत होती, धापा टाकत. मी का थांबले होते ते त्या मळ्यात फक्त तिलाच कळलेलं होतं. तिचे डोळे भरून आले होते.

"मी येतच होते गो," ती म्हणाली. "पन तुझ्या हातात मीच होते ना."

बायकांनी तिला खांद्यांवर उचललं. तेव्हा मला सोडावं लागलं.